सेनेका लेकची अनओक्ड कॅब फ्रँक: तिथे भारी, घरी फुस्स?

गोधडी
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या. ऑक्टोबरच्या लाँग वीकेंडला आम्ही जर्सीहून फिंगर लेक्सला (न्यूयॉर्क राज्यातला लांबट तळ्यांचा भाग, सेनेका त्यातलंच एक) गेलो होतो, आम्ही दोघं आणि नवऱ्याच्या ऑफिसातलं एक जोडपं. वॉटकिन्स ग्लेनचे धबधबे बघून झाले आणि मग सेनेका लेकच्या पूर्वेच्या काठाने वर जात एकेका वायनरीत थांबत गेलो. तिसऱ्या ठिकाणी (नाव लिहीत नाही, कारण तक्रार त्यांच्याबद्दल आहे की माझ्याच बावळटपणाबद्दल ते अजून कळलेलं नाही) चार पांढऱ्या झाल्यावर काउंटरवरच्या मुलीने एक लाल ओतली. कॅबर्ने फ्रँक (हे द्राक्षाचं नाव, सगळे नुसतं कॅब फ्रँक म्हणतात), पण अनओक्ड. म्हणजे ओकच्या लाकडाच्या पिंपाचं तोंडही बघितलेलं नाही, स्टीलच्या टाकीतून थेट बाटलीत. रंग असा की ग्लासच्या आरपार माझी बोटं दिसत होती. चव आंबटगोड चेरीची, थोडी रासबेरी, आणि गिळल्यावर मागे पावसात भिजलेल्या दगडी पाटीसारखं काहीतरी. मी एरवी रेड पीत नाही, तोंड कोरडं पडतं. हिने तसं काही केलं नाही. तीन बाटल्या घेतल्या, बावीस डॉलरला एक.

दोन आठवड्यांनी शनिवारी घरी पहिली उघडली आणि काय सांगू, काडेपेटीची काडी फुंकून विझवल्यावर येतो तो वास. तो थोडा गेला तर त्याच्या मागे ढबू मिरची! नुकती चिरलेली, बियांसकट. चव आंबट आणि पाणचट. नवरा म्हणाला, "त्या दिवशी तू वाईन नाही, व्ह्यू प्यायलीस." शिवाय त्याचं म्हणणं, ओक नसलेली रेड म्हणजे अर्धवट शिजलेलीच असते, वायनरीवाले पिंपाचे पैसे वाचवतात आणि त्यालाच फॅशन म्हणतात.

दोन बाटल्या शिल्लक आहेत. ही खराब झालीय का? गाडीत डिकीत राहिली म्हणून? की अनओक्ड अशीच असते आणि मला तिथे कळलं नाही?

बंड्या_बफेलो
अनओक्ड म्हणजे प्यायल्यावर ओकावं लागत नाही ती. सोप्पंय. हलके घ्या.

झिम्मा
शीर्षक वाचून मला वाटलं कुणीतरी ओक आडनावाच्या लोकांवर बहिष्कार टाकलाय. आमच्या सासूबाई माहेरच्या ओक, त्यांना दाखवणार हा धागा.

खडूस_काका
तुमच्या यजमानांशी सहमत. ओक नसलेली रेड म्हणजे फोडणी न घातलेली आमटी. सरळ हिशेब आहे, नवीन फ्रेंच पिंप हजार डॉलरच्या आसपास किंवा वर जातं, त्यात मावते २२५ लिटर, म्हणजे ३०० बाटल्या. बाटलीमागे तीनसाडेतीन डॉलर झाले. शिवाय वर्ष दीड वर्ष ती जागा अडवून बसते. स्टीलमधली सहा महिन्यांत विकून मोकळे. मग बावीस डॉलर कशाचे घेतात?

चिंचगुळी
काका, नारळाच्या पाण्याला फोडणी देता का तुम्ही? :)

गोधडी, आधी धीर धर, बाटली बहुतेक खराब नाही. काडेपेटीचा वास आला ना, त्याला वाईनवाले रिडक्शन म्हणतात. स्टीलची टाकी हवाबंद असते, लाकडी पिंपातून थोडी थोडी हवा आत झिरपत असते तशी टाकीतून झिरपत नाही. मग गंधकाची काही संयुगं आतच कोंडून राहतात, कधी विझलेल्या काडीसारखा वास येतो, कधी उकडलेल्या अंड्यासारखा. टेस्टिंग रूममध्ये तुला तो का आला नाही, कारण तिथली बाटली सकाळपासून उघडी असणार, तुझ्याआधी दहा जणांना ओतून झालेली असणार. तू घरी पहिला घोट बूच काढल्या काढल्या घेतलास. हो ना?

दुसरं तापमान. तिथे बाटली कुठे ठेवली होती आठवतं का? हलक्या लाल वाईन्स साधारण तेरा ते पंधरा अंशांना द्यायच्या असतात, आणि आपण घरात हीटर लावून बावीस अंशात बसतो आणि "रेड रूम टेंपरेचरला प्यायची" हे कुठेतरी वाचलेलं वाक्य डोक्यात. ते रूम टेंपरेचर हीटर नसलेल्या जुन्या दगडी घरांचं होतं. उरलेल्या दोन्हीपैकी एक फ्रिजमध्ये अर्धा तास ठेव, मग जगमध्ये उंचावरून ओत, परत बाटलीत ओत, वीस मिनिटं थांब आणि मग पी.

ढबू मिरचीबद्दल मात्र वेगळं आहे, तो वास हवा लागून जाणारा नाही. त्यावर जाणकार बोलतील.

गोधडी
चिंचगुळी, अगदी बरोब्बर, बूच काढलं आणि ओतली. आणि तिथे बाटल्या काउंटरमागे छोट्या फ्रिजसारख्या कपाटात होत्या, रेडपण! मला तेव्हा वाटलं यांना कळत नाही.

रेघोट्या
मला एक बेसिक शंका. मी शेजारच्या केयुका लेकच्या एका ठिकाणी विचारलं तर म्हणाले आमची कॅब फ्रँक बॅरलमध्येच ठेवतो पण ओकची चव नाही. हे काय गौडबंगाल?

चिंचगुळी
रेघोट्या, ती जुनी पिंपं. पिंप तीनचार वेळा वापरलं की लाकडातला व्हॅनिला, खोबऱ्यासारखा वास, सगळं आधीच्या वाईन्सनी ओढून घेतलेलं असतं. मग ते नुसतं भांडं उरतं, फक्त हवा आतबाहेर करणारं. त्याला न्यूट्रल म्हणतात. तशी वाईन जरा मऊ होते आणि हा काडीचा वासही तिला सहसा येत नाही. म्हणून "ओकची चव नाही" आणि "ओक लागलाच नाही" या दोन गोष्टी वेगळ्या.

अर्धा_कप
वाचतेय. मस्त धागा. +१ फ्रिजला.

माईसाहेब
गोधडी, तू तिथे जाऊन रेड का घेतलीस हा माझा पहिला प्रश्न. फिंगर लेक्स म्हणजे रीझलिंग, पांढरी! आम्ही १९८८ पासून रॉचेस्टरला आहोत. तेव्हा वायनरीत गेलं की कॉनकॉर्ड आणि कटाबा या इथल्या देशी द्राक्षांच्या गोड गोड वाईन्स पुढे यायच्या, इथल्या मुलांच्या त्या जांभळ्या गोळ्या असतात ना ग्रेप फ्लेवरच्या, डिट्टो तो वास. कारण तो कॉनकॉर्डचाच वास आहे. आमच्या ह्यांना वाटायचं वाईन म्हणजे खोकल्याचं औषध. मग हळूहळू रीझलिंग आली ती अशी की बस. लाल मात्र तेव्हा कुणी मनावर घेतच नव्हतं, आंबट आणि हिरवट लागायची. अलीकडे बऱ्या झाल्यात म्हणे, मुलगी आणते.

बाय द वे इथल्या नेपल्स गावात कॉनकॉर्ड द्राक्षांचा पाय मिळतो, सप्टेंबरात जाल तेव्हा चुकवू नका. सालं वेगळी काढून बिया काढून परत सालं घालतात, काय ते चिकाटीचं काम.

बंड्या_बफेलो
माई, पायचा पत्ता द्या, वाईन राहू दे.

माईसाहेब
अरे नेपल्समध्ये शिरलास की रस्त्याकडेला टेबल मांडून विकतात, पत्ता कसला. कॅनन्डेग्वा लेकच्या दक्षिण टोकाला.

डोंगरवाट
ढबू मिरचीवर लिहितो. मी कॉर्नेलला असताना दोन वर्षं सेनेकाच्या काठी एका मळ्यात हाताखाली काम केलंय. वाईनचा जाणकार नाही, वेलीचं थोडंफार कळतं, आणि आमचे आजोबा द्राक्षवाले त्यामुळे शब्द घरचेच आहेत, सांभाळून घ्या.

तो वास पायरझीन नावाच्या पदार्थाचा. ढबू मिरचीत जो असतो तोच, तेच रसायन, नुसता सारखा वास नाही. लिटरमागे दहापंधरा नॅनोग्रॅम असला तरी रेड वाईनमध्ये नाकाला कळतो. कॅबर्ने सोव्हिन्याँ, मर्लो, सोव्हिन्याँ ब्लाँ या द्राक्षांच्या सगळ्या खानदानात तो आहे आणि कॅब फ्रँक त्या खानदानाची आजी. १९९७ साली कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात डीएनए तपासून कळलं की कॅबर्ने सोव्हिन्याँ हे कॅब फ्रँक आणि सोव्हिन्याँ ब्लाँचं पोर आहे. मर्लोचीही एक बाजू कॅब फ्रँकच.

द्राक्षाचे मणी हिरवे असताना पायरझीन भरपूर असतं आणि पिकताना कमी होत जातं. घडावर ऊन पडलं तर ते मुळात तयारच कमी होतं. म्हणून मणी धरले की घडांभोवतीची पानं काढायची, शक्यतो सकाळचं ऊन येतं त्या बाजूची. दिवसभर वाकून पानं तोडलीत मी, पाठ गेली होती. ज्या मळ्यात हे काम वेळेवर होत नाही, किंवा वर्षच थंड आणि ढगाळ निघतं, तिथे मिरची जास्त. आणि ओक काय करतो, तर मिरची घालवत नाही, वर व्हॅनिलाची शाल पांघरतो. स्टीलमधल्या वाईनला शाल नाही. जे मळ्यात झालं ते ग्लासात.

आता थंडीचं. लोकांना वाटतं ही जागा फार उत्तरेला आहे म्हणून थंड. अक्षांश बघा, बेचाळीस साडेबेचाळीस, जवळजवळ रोमचा. पण समुद्राची ऊब नाही, खंडाच्या मधली कडक थंडी. वाचवतं ते तळं. सेनेका ६१८ फूट खोल आहे, एवढं पाणी उन्हाळाभर तापतं आणि हिवाळाभर ती ऊब सोडत राहतं, गोठत तर जवळपास नाहीच. वसंतात तेच पाणी उलटं काम करतं, थंडगार असल्यामुळे काठावरच्या वेलींचे डोळे (जिथून कोंब फुटतो ते) उशिरा फुटतात आणि उशिरा फुटले की मेच्या कडाक्यातून वाचतात. म्हणून मळे उतारावर काठाला चिकटून असतात. दोन मैल वर गेलात की मका आणि गाई.

जानेवारीतलं काम सांगतो, हे मला कधी विसरता येणार नाही. मळ्यात गुडघाभर बर्फातून फिरून काड्या कापून आणायच्या, एकदोन दिवस ऊबदार खोलीत ठेवायच्या, मग टेबलाशी बसायचं आणि दाढीच्या ब्लेडने एकेक डोळा आडवा कापायचा. एका डोळ्यात तीन कोंब असतात, मधला मुख्य, बाजूला दोन राखीव. कापल्यावर हिरवागार दिसला तर जिवंत, चहाच्या डागासारखा तपकिरी दिसला तर मेला. शंभर डोळे कापायचे, मेलेले मोजायचे, आणि त्यावरून छाटणीला काडीवर किती डोळे जास्त ठेवायचे ते ठरवायचं. एका सकाळी मर्लोच्या काड्यांत निम्म्याहून जास्त तपकिरी निघाले, शेजारच्याच ओळीतल्या कॅब फ्रँकचे वीसेक. मालकाने नुसतं बघितलं आणि कॉफी ओतायला गेला. या भागात लाल म्हणजे कॅब फ्रँक का, याचं उत्तर मला त्या टेबलावर मिळालं. सुगी झाली की कलमाच्या जोडावर माती चढवून ठेवायची आणि वसंतात उतरवायची हेही दरवर्षीचं, म्हणजे वरचा सगळा वेल मेला तरी जोडाच्या वरून नवा कोंब घेता येतो.

गोधडी, बाटलीवर साल कोणतं आहे?

अर्धा_कप
डोंगरवाट, दंडवत. वाचनखूण साठवली.

खडूस_काका
लेख चांगला. पण यातून माझाच मुद्दा सिद्ध होतो. इतकी थंडी, इतके कष्ट, तरी मिरची राहते, तर मग शाल का पांघरू नये? उघडं फिरण्यात काय शौर्य?

डोंगरवाट
काका, शाल जाड असेल तर आत माणूस कोण आहे तेच कळत नाही हो. इथली कॅब फ्रँक मुळात नाजूक, आंबटपणा जास्त, टॅनिन (तोंड कोरडं पाडतं ते) कमी. नव्या पिंपात वर्षभर ठेवली की नुसतं लाकूड लागतं. मी प्यायलोय तशी, महाग होती आणि फर्निचरच्या दुकानात उभं राहिल्यासारखं वाटलं. भरदार वर्षाला ओक शोभतो हे मान्य. २०२० सारखं गरम कोरडं वर्ष असेल तर खुशाल घाला.

खडूस_काका
फर्निचर :) बरं, अर्धा मुद्दा सोडला.

झिम्मा
मला वाटायचं कॅब फ्रँक हे नाव त्या डॉ. फ्रँकवरून पडलं. केयुका लेकवर त्यांची वायनरी आहे ना.

माईसाहेब
झिम्मा, नाही गं, द्राक्ष फ्रान्सचं, शेकडो वर्षांचं जुनं. डॉ. कॉन्स्टँटिन फ्रँक युक्रेनमधून आलेले, १९५१ साली अमेरिकेत. इथल्याच जिनिव्हा गावच्या प्रयोगशाळेत त्यांना हलकीसलकी कामं दिली होती, कारण इंग्रजी येत नव्हतं. ते सांगत होते की माझ्याकडे तिकडच्या थंडीत युरोपियन द्राक्षं जगवल्याचा अनुभव आहे, योग्य खुंटावर कलम केलं तर इथेही जगतील, आणि कुणी ऐकत नव्हतं. शेवटी गोल्ड सील वायनरीचे शार्ल फूर्निए यांनी ऐकलं. १९६२ मध्ये फ्रँकनी स्वतःची वायनरी काढली. इथली रीझलिंग पुढे आली ती त्यांच्या हट्टामुळे. तुमची ही लाल मिरचीसुद्धा.

बंड्या_बफेलो
लाल मिरची नाही माई, ढबू.

रेघोट्या
अवांतर: सेनेका लेकवर रात्री लांबून तोफेसारखा आवाज येतो म्हणतात ते खरं का? आम्ही बर्‍याच रात्री टेंट टाकून जागलो, काही नाही.

डोंगरवाट
म्हणतात खरं, मी ऐकलेला नाही. काठावरच्या ड्रेस्डन गावाच्या बाजूला पाण्यात नेव्हीचं सोनार (आवाजाने पाण्याखालचं शोधायचं यंत्र) तपासायचं केंद्र मात्र आहे, ते बघितलंय. तळं एवढं खोल आणि शांत, त्यांना बरं पडतं.

झिम्मा
म्हणजे वाईन पिताना खाली पाणबुडीचे कान लागलेत. भारी.

उसाचा_रस
गोधडी ताई, उशिरा आलो. लेबलचा एक कायदा सांगून ठेवतो कारण मी यात एकदा फसलोय. अमेरिकेत लेबलवर द्राक्षाचं नाव असेल तर ते द्राक्ष कमीत कमी ७५ टक्के हवं, बाकी २५ टक्के काहीही चालतं. आणि "फिंगर लेक्स" किंवा "सेनेका लेक" लिहिलं असेल तर ८५ टक्के द्राक्षं तिथली हवीत. फिंगर लेक्सला ही भौगोलिक ओळख १९८२ ला मिळाली, सेनेका लेकला वेगळी २००३ ला. पण "अनओक्ड" या शब्दाचं तसं टक्क्यांचं काही नाही, वायनरीच्या शब्दावर विश्वास. मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचा, चांगले लोक टाकी, महिने सगळं लिहितात.

आणि त्या काडीच्या वासाला घरचा उपाय आहे. तांबं. वाईनमध्ये तांब्याची वस्तू क्षणभर फिरवली की गंधक तांब्याला चिकटतं आणि वास जातो. वायनरीतसुद्धा अगदी चिमूटभर मोरचूद घालून हेच करतात, प्रमाणाची मर्यादा पाळून. लोक पेनी टाकतात, पण १९८२ नंतरच्या पेनीत आत जस्त आहे, वरून तांब्याचा मुलामा, आणि कुणाकुणाच्या खिशातून आली ती. मी तांब्याची पळी वापरतो.

झिम्मा
देवाची पळी????

उसाचा_रस
घरात दोन आहेत हो.

माईसाहेब
अरे देवा. आचमनाच्या पळीने वाईन ढवळणारा पहिला माणूस तू.

चिंचगुळी
शास्त्र बरोबर आहे पण पळी आत ठेवून विसरू नका, वाईन आंबट असते, तांबं उतरतं. पाचदहा सेकंद फिरवून बाहेर.

बंड्या_बफेलो
केशवाय नमः, नारायणाय नमः, चिअर्स.

खडूस_काका
मी एवढा वाद घातला त्या अर्थी कबुली देणं भाग आहे. काल शनिवारी जिनिव्हाला काम होतं, येताना एका ठिकाणी थांबलो आणि मुद्दाम एकाच वायनरीच्या, एकाच सालच्या दोन्ही मागितल्या. टाकीतली आणि पिंपातली, शेजारी शेजारी. पिंपातली पहिल्या घोटाला आवडली. टाकीतली पहिल्या घोटाला म्हटलं छ्या. मग बाहेर लाकडी बाकावर बसून निवांत प्यायलो, समोर तळं, वारा सुटलेला, वेलींवर जाळ्या अजून होत्या. शेवटी बघतो तर टाकीतला ग्लास रिकामा आणि पिंपातला अर्धा तसाच. बायको म्हणाली व्ह्यू प्यायलात. असेल. एक बाटली घेतली.

गोधडी ताईंचे यजमान भेटले तर सांगा, काका फितूर झाले.

अर्धा_कप
काका!! स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

रेघोट्या
गाडी कोण चालवत होतं काका?

खडूस_काका
बायको. ती फक्त रीझलिंग हुंगते आणि त्या बादलीत ओतते. तिथे ती पिकदाणी ठेवलेली असते ना काउंटरवर, आपल्या लोकांना संकोच वाटतो पण वापरावी. पाचसहा वायनऱ्या करायच्या तर थुंकायला शिकाच.

बंड्या_बफेलो
म्हणजे थुंकायचं, ओकायचं नाही. मी पहिल्या प्रतिसादात हेच म्हणत होतो.

गोधडी
मंडळी, आले परत. सगळ्यांचे खूप आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. डोंगरवाट, साल २०२३ आहे.

डोंगरवाट
अच्छा. मग बरंच जुळतं. २०२३ च्या मेमध्ये, अठरा तारखेच्या पहाटे, न्यूयॉर्कभर कडाक्याचं दहिवर पडलं होतं, कोवळे फुटवे जळाले. काठाजवळचे वाचले, वरच्या अंगाचे गेले. मुख्य कोंब जळाला की राखीव कोंबातून घड येतो पण तो मागे पडतो, उशिरा पिकतो. एकाच मळ्यात काही घड तयार आणि काही हिरवे असं होतं, सगळे एकाच दिवशी तोडले तर हिरव्यांची मिरची उतरणारच. तुझ्या वायनरीत तसंच झालं असेल असं छातीठोक सांगू शकत नाही, पण मला आधी तोच संशय येईल.

गोधडी
ओह. म्हणजे मी एका पहाटेचं दहिवर प्यायले.

बरं, आता प्रयोग. काल दुसरी बाटली उघडली. तीन ग्लास केले. एक बाटलीतून थेट, घरातल्या तापमानाचा. दुसऱ्यासाठी अर्धी बाटली जगमध्ये उंचावरून दोनदा ओतली आणि जग फ्रिजमध्ये अर्धा तास. तिसरा त्याच जगमधला पण पळी फिरवलेला. पळीसाठी मी गुपचूप देवघराकडे गेले तर सासूबाईंनी पकडलं (त्या सध्या सहा महिन्यांसाठी आल्यात). सगळं खरं सांगितलं. त्या दोन मिनिटं गप्प, मग म्हणाल्या, ती देवाची राहू दे, माझ्या पिशवीत नवी आहे, कुणाला तरी द्यायला आणलेली. आणि मग स्वतःच टेबलाशी येऊन बसल्या.

त्या पीत नाहीत. पण नाक असं आहे की शेजारच्यांच्या घरी भात लागला तर आमच्या घरात कळतं. त्यांना ग्लास कोणता काय ते सांगितलं नाही. पहिल्यात म्हणाल्या, काडी ओढलीय. दुसऱ्यात परत परत हुंगलं आणि म्हणाल्या, काडी नाही आता, मिरची आहे, पण फळाच्या मागे उभी आहे. तिसऱ्यात म्हणाल्या, हेच, फक्त स्वच्छ. मला दुसऱ्या आणि तिसऱ्यात काही फरक कळला नाही खरं सांगायचं तर, जगमध्ये ओतल्यानेच काम झालं होतं. पण थंड केल्यावर ती चेरी परत आली. तिथल्याइतकी नाही, तरी आली. भिजलेली पाटीसुद्धा.

मग नवऱ्याला डोळे मिटायला लावून तिन्ही दिले. पहिल्याला म्हणाला, ही तुझी ती पाणचट. तिसऱ्याला म्हणाला, "ही बरी आहे, ही ओकवाली ना?"

चिंचगुळी
हाहाहाहा! याहून मोठं सर्टिफिकेट नाही.

माईसाहेब
सासूबाईंना माझा नमस्कार सांग. त्यांना रीझलिंग हुंगायला दे एकदा.

खडूस_काका
यजमानांना काकांतर्फे हस्तांदोलन. त्यांना सांगू नका इतक्यात.

गोधडी
सांगितलं काका, मान्य करत नाहीये. म्हणतो ग्लास बदलले.

उसाचा_रस
पळी धुताना काय केलंत? वाईनचा डाग राहिला का?

गोधडी
डाग कसला, उलटंच झालंय. जेवढी वाईनमध्ये बुडाली तेवढी वाटी लख्ख निघालीये आणि दांडा तसाच काळपट. सासूबाई म्हणतात, आता ही कुणाला द्यायची कशी, दोन रंगांची दिसतेय. चिंच लावून दांडा घासायला बसलेय.